पाण्याच्या दिवशीची पानं

आमच्या गल्लीत पाणी आलं की मी वही उघडते.

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी लिहिते. इथं नळाला रोज पाणी नसतं. तीन-चार दिवसांआड येतं, उन्हाळ्यात कधी त्याहूनही लांबतं. त्यामुळं आमच्या घरात सोमवार-मंगळवार मागं पडतात आणि ‘पाण्याचा दिवस’ हाच खरा वार होतो. पाहुणे बोलवायचे, चादरी धुवायच्या, बरण्या घासायच्या, सगळं त्या दिवशी. पहाटे पाचच्या सुमारास शेजारच्या काकूंचा आवाज येतो, ‘आलं गं पाणी!’ आणि गल्लीतल्या मोटरी एकामागून एक सुरू होतात. पिण्याचं भरून झालं की उरतं मोठं पिंप. ते भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ तिथून हलता येत नाही. नळी निसटली तर पाणी वाया जातं, आणि आमच्याकडं पाणी वाया घालवणं म्हणजे ताटात अन्न टाकणं. त्या वीस-पंचवीस मिनिटांत मी पायरीवर बसून समोरची भांडी काढते आणि शेजारी दोन-चार ओळी लिहिते. याला आता सात वर्षं झाली. अकरा वह्या भरल्या.

‘नोकरी, घर, म्हातारी माणसं, यातून वेळ कुठून काढतेस?’ असं मला फार जण विचारतात. नवा वेळ काढायला गेले असते तर मला तो कधीच मिळाला नसता. पिंप भरेपर्यंतचा वेळ आधीपासून होता. मी फक्त त्याच्या शेजारी वही ठेवली. जे कुणी वही सुरू करायची म्हणतात त्यांना मी हेच विचारते, की तुमच्या दिवसात अशी कुठली जागा आहे जिथं तुम्हाला थांबावंच लागतं? बसस्टॉप असेल, दवाखान्यातला बाक असेल, दुधाचं पातेलं गॅसवर असताना ओट्याशी उभं राहणं असेल. वही तिथं ठेवा. कपाटात ठेवलेली वही रविवारची वाट बघत बसते आणि रविवारी नेमके पाहुणे येतात.

पहिलं पान मात्र ठरवून काढलेलं नव्हतं. आठवीत असताना मी चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली होती. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, असे सगळे पेपर मनापासून दिले आणि ‘क’ श्रेणी आली. कुणी रागावलं नाही, कुणी काही बोललंही नाही. पण त्या दिवसापासून ‘मला चित्रकला येत नाही’ हे वाक्य मी माझ्या जन्मतारखेसारखं सांगत राहिले. मधे जवळजवळ सत्तावीस वर्षं गेली. मग एका पाण्याच्या दिवशी लाइट गेली, मोबाइल बंद पडला होता, पिंप संथ धारेनं भरत होतं. हातात लाइट बिलाचा कागद होता आणि पर्समधे बॉलपेन. बिलाच्या पाठीवर मी समोरची घागर काढली.

घागर चुकली होती, आणि काय चुकलंय ते मला शोधायचं होतं. तोंड गोल असतं म्हणून मी गोल काढलं होतं आणि बूड जमिनीवर टेकतं म्हणून सरळ रेघ. मान वर करून पुन्हा बघितलं. घागरीचं तोंड गोल दिसतच नव्हतं, ते चपटं, लांबट दिसत होतं. खालचा काठ सरळ नव्हता, तो तोंडापेक्षाही जास्त गोलाईनं वळला होता. मग पिंपाकडं बघितलं. पायरीवर बसल्यावर पिंपाचं तोंड जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत येत होतं, म्हणून ते सुरीच्या पात्यासारखं बारीक दिसत होतं. त्याच्या खालच्या पायरीवरची कळशी जरा उघडी, आणि सगळ्यात खाली ठेवलेलं घमेलं चांगलं रुंद उघडलेलं. डोळ्यांच्या रेषेपासून जितकं खाली जावं तितका गोल उघडत जातो. हे आठवीतल्या सरांनी फळ्यावर नक्की शिकवलं असणार. पण तेव्हा ते परीक्षेसाठी होतं. आता ती आमचीच भांडी होती, रोज हाताळलेली, घासलेली, आणि चाळीस वर्षांत मी त्यांची तोंडं बघितलीच नव्हती.

त्या सकाळी झालेला आनंद मला अजून आठवतो. कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि सांगण्यासारखं काही घडलेलं नव्हतं. म्हणून बिलाच्या कडेला लिहिलं, ‘पिंपाचं तोंड बारीक, घमेल्याचं मोठं. लाइट नाही. काकूंची मोटर बंद, त्या बादलीनं भरतायत.’ चित्राच्या शेजारी अक्षर आलं ते असं.

बरेच जण चित्राची वही वेगळी ठेवतात आणि रोजनिशी वेगळी. मला ते पटत नाही. काकू बादलीनं पाणी भरत होत्या हे माझ्या घागरीच्या चित्रात कुठंच नव्हतं. आणि नुसती रोजनिशी लिहिली असती तर ‘सकाळी पाणी आलं, भरलं’ यापलीकडं मी काही लिहिलं नसतं, कारण मी काही बघितलंच नसतं. चित्र काढताना नजर एका जागी थांबते, ती थांबली की कान उघडतात, आणि कानावर आलेलं लिहावंसं वाटतं. माझ्या वहीतली चांगली वाक्यं सगळी चित्राच्या कडेला सापडतात. वेगळी बसून लिहिलेली पानं माझीच मला वाचवत नाहीत.

या सगळ्याचं मूळ अण्णांमधे आहे, हे कळायला मला तीन वह्या लागल्या.

माझे वडील, अण्णा, चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे. सोलापुरी चादर सगळ्यांना माहीत असते, पण त्या चादरीवरचा मोर किंवा वेल आधी कागदावर काढावा लागतो हे फार थोड्यांना माहीत असतं. मोठा ग्राफ कागद, त्यावर बारीक चौकोन. एक उभी रांग म्हणजे ताण्याचा उभा धागा, एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा आडवा धागा घेऊन धोटा एकदा या टोकाकडून त्या टोकाला जाणं. ज्या चौकोनात ताण्याचा धागा वर उचलायचा तो चौकोन रंगानं भरायचा, बाकीचे कोरे ठेवायचे. मग पुठ्ठे पाडणारा माणूस तो ग्राफ ओळीनं वाचायचा आणि एका ओळीला एक याप्रमाणं पुठ्ठ्यांवर भोकं पाडायचा. ते पुठ्ठे दोरीनं एकमेकांना शिवून मागाच्या डोक्यावर जकार्डला चढवायचे. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जकार यांनी १८०४ च्या सुमारास हे यंत्र केलं. त्यांचं नाव सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यांमधे मात्र माणसाचं राहिलं नाही, यंत्राचंच झालं. आता संगणकावर डिझाइन होतं, पण अण्णांची सगळी नोकरी कुंचला आणि चौकोन यात गेली.

त्यातली एक गोष्ट मला लहानपणी फार नवलाची वाटायची. अण्णा ग्राफवर जो मोर काढायचे तो जरा विचित्र दिसायचा, दाबल्यासारखा. चादरीवर मात्र तो डौलदार यायचा. मी विचारलं तर म्हणाले, ‘ताण्याचे धागे इंचात वेगळे, बाण्याचे वेगळे. कागद त्या मापात आखलेला नसला तर मागावरचा मोर लांबुळका नाहीतर बुटका होतो. कागदावर छान दिसला म्हणून उपयोग नाही, पोरी. चादरीवर कसा येणार ते डोक्यात ठेवून भरायचं.’

एका मोठ्या नक्षीचा ग्राफ भरायला कित्येक दिवस लागायचे. संध्याकाळी अण्णा घरी आले की आजी विचारायची, ‘आज किती ओळी झाल्या?’ कसं झालंय, चांगलं झालंय का, असं कधीच कुणी विचारलं नाही. ओळी मोजायच्या. कमी झाल्या तर उद्या भरून काढायच्या. मी तिसरी वही संपवत होते तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही पानं तशीच मोजतेय. आजचं पान चांगलं की वाईट हे ठरवायला मी मागं वळून बघत नव्हते. ती ‘क’ श्रेणी माझ्या अंगावरून कधी उतरली ते मला कळलंच नाही. ती अण्णांच्या मोजण्यानं उतरली.

सामानाबद्दल थोडं लिहिते, कारण त्यात मी चुका केल्या आहेत आणि त्या दुसऱ्या कुणी करू नयेत.

पहिल्या दोन वह्या नव्या पेठेतून आणलेल्या लाल कापडी पाठीच्या चोपड्या होत्या, व्यापारी हिशोबाला वापरतात तशा. कागद पातळ, पण पेन्सिल त्यावर सुरेख चालते. पेन्सिल ४बी घ्यावी. पेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट आणि माती असते. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकट, माती कमी तर मऊ आणि काळी. एचबी हिशोबाला ठीक, पण चित्रात तिला अंधार जमत नाही, आणि पिंपाच्या आतला अंधार काढल्याशिवाय पिंप खोल होत नाही. जलरंग वापरायचे तर कागद निदान दोनशे जीएसएमचा (चौरस मीटरला दोनशे ग्रॅम) हवा, नाहीतर तो फुगतो आणि पान उलटायला नको होतं. पण सोलापूरच्या एप्रिल-मेमधे उघड्यावर जलरंगाच्या नादी लागू नये असं माझं मत झालंय. पारा बेचाळीसच्या वर असताना आभाळाचा एक हात मारून दुसरा हात मारेपर्यंत पहिला वाळून त्याची कडा उमटते. त्या दिवसांत मी फक्त पेन वापरते.

पेनाबद्दल शिकले ते नुकसान होऊन. चौथी वही मी हौसेनं शाईच्या पेनानं भरत होते. ओला कुंचला फिरवला की साधी शाई विरघळते आणि सावली आपोआप पडते, ते मला फार आवडायचं. जूनच्या पहिल्या वळवाच्या पावसात मी कंबर तलावाच्या काठावर सापडले. पिशवी भिजली, वही भिजली. घरी येऊन पान पान वेगळं करून पंख्याखाली वाळवलं. शाईची चाळीसेक पानं निळ्या डागांची झाली होती. मधेमधे पेन्सिलीनं आणि बॉलपेननं काढलेली पानं मात्र जशीच्या तशी. त्या चाळीस पानांत अण्णांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवसाचं पान होतं, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते खुर्चीत बसलेले. ते परत काढता येणार नव्हतं. मी त्या रात्री रडले. तेव्हापासून जे पान राहावंसं वाटतं ते पेन्सिलीनं काढते. ग्रॅफाइट पाण्यानं जात नाही आणि उन्हानं उडत नाही. फक्त घासलं की पसरतं, म्हणून मधे बटरपेपर ठेवते.

वहीनं माझी एक परीक्षाही घेतली. चार हुतात्मा चौकातून मी हजारो वेळा गेले असेन. एका संध्याकाळी स्मरणचित्राचा सराव म्हणून तो चौक घरी बसून आठवून काढायला घेतला. रस्ते आले, रिक्षा आल्या, झाडं आली. पुतळ्यांशी येऊन हात थांबला. चौघांपैकी एकाचाही चेहरा मला आठवेना. नावं घेऊन बघितली, तर दोनच घेता आली. मला फार लाज वाटली. मे १९३० मधे या शहरावर इंग्रजांनी मार्शल लॉ लावला होता आणि त्यानंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला चौघांना फाशी दिलं, हे शाळेत भाषणात आम्ही घडाघडा म्हणायचो. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना एक तास आधी निघाले. समोर उभी राहून एकेक चेहरा काढला, बोबड्या रेषांत का होईना. खाली नाव लिहिलं. मल्लप्पा धनशेट्टी. कुर्बान हुसेन. जगन्नाथ शिंदे. श्रीकिसन सारडा. नाव लिहिताना प्रत्येकाकडं पुन्हा एकदा बघितलं. आता तो चौक ओलांडताना मी मनात चौघांची नावं घेते, आणि ती त्यांच्या चेहऱ्यांसकट येतात.

बाहेर बसून काढायला सुरुवातीला संकोच वाटतो, विशेषतः बाईमाणसाला. जगभर अशी प्रत्यक्ष जागेवर बसून काढणारी माणसं आहेत. सिॲटलमधले पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी २००७ मधे त्यांना एकत्र आणायला सुरुवात केली. त्यांचा आग्रह इतकाच, की समोर जे दिसतंय ते खरं काढा, घरातलं असो की रस्त्यावरचं. मला ते वाचून धीर आला. तरी माझा संकोच खरा मोडला तो आमच्या पलीकडच्या बोळातल्या अक्कांनी.

अक्का विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, दारात बसून दिवसभर बोटं चालू. मजुरी हजार विड्यांमागं, त्यामुळं बोलायला मान वर केली तरी बोटं थांबत नाहीत. मी परवानगी विचारली तर हसून मान हलवली. मला आधी वाटलं हलणारे हात कसे काढणार? पण तेच तेच काम करणाऱ्या हातांची एक गंमत असते. तीच मुद्रा काही क्षणांनी परत येते. एकदा अंगठा काढायचा, थांबायचं, मुद्रा परत आली की पहिलं बोट, पुन्हा थांबायचं. सात-आठ विड्यांमधे एक हात पुरा होतो. मी वही अक्कांपुढं धरली. त्यांनी नीट बघितलं. घरात त्या तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. म्हणाल्या, ‘समदं बराबर हाय. दोरा ह्या बोटावर नाय. ह्या.’ आणि मधलं बोट वर करून दाखवलं. इतक्या वर्षांत माझ्या चित्राबद्दल इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. मी खोडलं नाही, बाण काढून कडेला लिहिलं, ‘दोरा मधल्या बोटावर, अक्का सांगतात.’

अक्कांकडून शिकलेलं मी घरी आईवर वापरलं.

आईच्या भाकरीबद्दल मला अभिमान आहे. ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी, आधणाचं पाणी, काटवटीत मळलेलं पीठ, आणि थापताना एका हातानं फिरवत दुसऱ्यानं दाबत जाणं. पातळ थापून, भाजून, फडक्यानं दाबत मंद आचेवर वाळवली की कडक भाकरी होते, पापडासारखी वाजणारी, आठवडाभर टिकणारी. शेंगाचटणी आणि दह्याबरोबर ती खाणं हे आमच्याकडं जेवणच असतं. एका जानेवारीत मी ठरवलं, महिनाभर रोज फक्त आईचे हात काढायचे. भाकरी थापतानाचे. आई आधी कुरकुरली, ‘काय काढायलीस रोज रोज? हाताला काय सोनं लागलंय?’ मग तिला सवय झाली. कागदाकडं न बघता, नजर हातावरच ठेवून पेन्सिल चालवायची, अशा पद्धतीनं मी बरीच पानं काढली. त्यात रेषा वेड्यावाकड्या येतात, पण हात खरा उतरतो.

भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी झाली, संक्रांत झाली. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मी वही घेऊन गेले होते. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात नंदीध्वज, गर्दी. त्या उंच काठ्या झुलत पुढं सरकत होत्या आणि मला एकही काठी नीट काढता आली नाही. पानावर नुसत्या सात तिरक्या रेघा आहेत आणि खाली लिहिलंय, ‘मान वर करून सगळे एकाच ठिकाणी बघतायत.’ मला ते पान आवडतं.

महिनाअखेर मी आईच्या हातांची पानं जमिनीवर ओळीनं मांडली. तिसऱ्या पानावर आणि सव्विसाव्या पानावर हात वेगळा होता. तिसऱ्यात उजव्या हाताची पाचही बोटं पिठावर पसरलेली. पुढं पुढं अंगठा उचललेला दिसायला लागला, आणि सव्विसाव्यात तर तो पूर्ण बाजूला, सगळा दाब तळव्याच्या टाचेवर. मला वाटलं माझी रेषा बदलली असेल. सगळी पानं पुन्हा बघितली. बारा पानांत अंगठा उचललेलाच होता. मी ते काढलं होतं, रोज, आणि मला ते दिसलं नव्हतं.

‘आई, अंगठा का उचलतेस?’

‘कुठं काय? आखडतोय जरा. सोडवला की सुटतोय.’

‘कधीपासून?’

‘असंल महिना-दोन महिने. तू जा बघू, तवा तापलाय.’

डॉक्टरांनी अंगठा वाकवायला सांगितला, तो वाकला आणि तिथंच अडकला. दुसऱ्या हातानं सरळ केल्यावर टक्कन सुटला. ट्रिगर थंब, म्हणाले. अंगठा वाकवणारा स्नायूचा दोर (टेंडन) ज्या आवरणातून सरकतो ते सुजून अरुंद होतं आणि दोरावरची गाठ त्यात अडकते. विश्रांती द्या, पट्टी बांधा, नाही थांबलं तर इंजेक्शन. लवकर आणलंत, असंही म्हणाले. आईनं माझ्याकडं बघितलं आणि काही बोलली नाही. घरी आल्यावर शेजारच्या काकूंना सांगताना मी ऐकलं, ‘हिच्या चित्रात दिसलं बघा.’

सहा आठवडे भाकरी मी थापली. माझी भाकरी अजून आईसारखी होत नाही, कडेला जाड राहते. पण थापताना मला माझ्या हाताकडं बघावंसं वाटतं, आणि कुठं दाबायचं ते मला आईच्या तिसऱ्या पानानं शिकवलंय.

मधे खाडे पडतात. गेल्या वर्षी ऑडिटच्या दिवसांत सलग सतरा दिवस वहीला हात लागला नव्हता. पूर्वी असं झालं की मी राहिलेली पानं आठवून भरायला जायची आणि मग नवं पानही राहायचं. आता रिकाम्या दिवसांना हात लावत नाही. पानाच्या वर तारीख लिहिते, तिच्याखाली तिथी. आमच्या घरात दाते पंचांग भिंतीला असतंच, ते इथलंच, सोलापूरचं. तिथी लिहिण्याचा फायदा असा की जुनं पान उघडलं की त्या रात्री चंद्र होता की नव्हता ते कळतं, आणि चंद्र आठवला की त्याच्यामागून बाकीचं आठवत येतं. पहाटेची पानं असल्यामुळं हे फार उपयोगी पडतं. ‘वद्य अष्टमी’ वाचलं की मला लगेच डोक्यावरचा अर्धा चंद्र आणि पिंपातलं त्याचं हलतं प्रतिबिंब दिसतं.

गेल्या दिवाळीत माळा झाडताना अण्णांच्या ग्राफची एक गुंडाळी सापडली. कारखान्यानं नापसंत केलेली नक्षी, म्हणून घरी राहिलेली. कमळाची वेल. लाल रंग अजून ताजा. मी ती जमिनीवर उलगडली, चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवल्या. कडेच्या कोऱ्या पट्टीत पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं. आधी मला वाटलं धाग्यांचा हिशोब असेल, आणि काही ठिकाणी तो होताच. मधेमधे मात्र दुसरं काही होतं. ‘१४ ओळी. लाइट नाही दुपारपासून.’ ‘९ ओळी. पाऊस.’ ‘२० ओळी. पगार.’ आणि एका ठिकाणी, ‘२ ओळी. मुलीला ताप.’

मी वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, ‘कमी ओळी का झाल्या ते मालक विचारायचे. लक्षात राहावं म्हणून लिहायचो.’ आणि चष्मा पुसत बसले.

तेव्हापासून पाण्याच्या दिवशी अण्णाही पायरीवर येतात. त्यांच्यासाठी मी पानाच्या तळाशी एक ओळ चौकोन आखून ठेवते. मी भांडी काढते, आई आतून ‘हंडा भरला का?’ विचारते, आणि एक भांडं भरलं की अण्णा लाल पेन्सिलीनं एक चौकोन भरतात. परवा अकरा झाले. शेजारी त्यांनीच लिहिलं, ‘११. धार बारीक.’